तिकिटाची खिडकी आणि खेळाचे धनी

फुटबॉलच्या सामन्याचे तिकीट महागले, ही काही सांस्कृतिक पानावर चर्चा करावी अशी गोष्ट नव्हे, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. ज्याला परवडते त्याने जावे, ज्याला परवडत नाही त्याने घरी बसून पडद्यावर पाहावे; त्यात एवढा काथ्याकूट कशाला? परंतु ज्या घरांतून नाटकमंडळ्यांच्या आठवणी अजून निघतात आणि पिटातल्या प्रेक्षकाची दाद मिळाल्याखेरीज कसलेल्या नटालाही चैन पडत नसे हे ज्या घरांत आजोबांच्या तोंडून ऐकलेले आहे, त्या घरांना तरी हा प्रश्न परका वाटू नये. प्रश्न केवळ चेंडूचा नाही. एखादा खेळ किंवा एखादी कला ज्यांच्या टाळ्यांवर वाढली, त्यांनाच ती भरभराटीला आल्यावर दाराबाहेर उभे राहावे लागावे काय, असा तो प्रश्न आहे.

या बाबतीत इंग्लंडचा इतिहास बोलका आहे. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लिव्हरपूल शहरातील ॲनफिल्डच्या मैदानावर लिव्हरपूल व संडरलँड या संघांचा सामना चालू होता. लिव्हरपूलचे दोन गोल झालेले, प्रतिपक्षाचा एकही नाही. अशा वेळी सत्त्याहत्तरावे मिनिट लागले आणि सुमारे दहा हजार प्रेक्षक उठून मैदानाबाहेर चालू लागले. हे प्रेक्षक पाहुण्यांचे नव्हते, घरचेच होते. क्लबाच्या मालकांनी पुढील हंगामासाठी सर्वांत महाग तिकीट ५९ पाउंडांवरून ७७ पाउंडांवर नेण्याचे ठरविले होते. म्हणून निषेधासाठी नेमके सत्त्याहत्तरावे मिनिट निवडलेले! प्रेक्षक गेले आणि उरलेल्या वेळात संडरलँडने दोन गोल करून सामना बरोबरीत सोडविला. त्यास योगायोग म्हणा किंवा आणखी काही म्हणा; परंतु चारच दिवसांत मालकांनी जाहीर माफी मागितली आणि दरवाढ मागे घेतली. आपला संघ जिंकत असताना त्याच्याकडे पाठ फिरविणे हे खऱ्या रसिकाला किती जड जाते, हे ज्याने कधी कोणत्याही संघावर जीव लावला आहे त्याला सांगावयास नको.

हा खेळ मूळचा कोणाचा, हे एकदा पाहिले पाहिजे. नियम बांधले ते इंग्लंडच्या श्रीमंत विद्यालयांतून शिकलेल्या मंडळींनी, हे खरे. पण त्याला गर्दी मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणी-कारखान्यांतील मजुरांना शनिवारची अर्धी सुटी मिळू लागली तेव्हा. दुपारी भोंगा वाजला की मजूर जे निघत ते थेट मैदानाकडे. आज जगभर ज्यांचा डंका वाजतो ते क्लब त्या कारखान्यांच्या आवारातच जन्मले. मँचेस्टर युनायटेडचा जन्म १८७८ साली रेल्वेचे डबे बांधणाऱ्या कामगारांत झाला. आर्सेनलचा १८८६ साली वुलिच येथील तोफखान्याच्या कारखान्यात. वेस्ट हॅमचा पूर्वज १८९५ साली टेम्सकाठच्या जहाजांच्या कारखान्यात. त्या शतकाच्या अखेरीस सामन्याला प्रवेश मिळे तो सहा पेनीला. त्याच आर्सेनलच्या सर्वांत महाग हंगामी तिकिटाचा दर मागील दशकात दोन हजार पाउंडांवर गेला! ज्या कामगारांनी आपल्या खिशातील पैसे काढून पहिला चेंडू विकत घेतला, त्यांच्या पणतवांना हे तिकीट दिसते ते दुकानाच्या काचेआड ठेवलेल्या दागिन्यासारखे.

मध्यंतरी असे काय घडले? या कथेतला एक दुःखद दिवस विसरता येत नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या कोंडलेल्या कप्प्यांत चेंगराचेंगरी झाली आणि तीत शेवटी सत्त्याण्णव माणसे प्राणास मुकली. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशी-अहवालाने १९९० साली मोठ्या मैदानांवर सर्वांना बसण्याची आसने असावीत अशी शिफारस केली. ती पुष्कळ अंशी योग्यच होती. माणसाच्या जिवाहून स्वस्त तिकीट मोलाचे नाही. परंतु त्याच अहवालात न्यायमूर्तींनी आणखी एक गोष्ट बजावून ठेवली होती, ती मात्र सोयीस्कर रीतीने विसरली गेली. आसनांचे निमित्त करून गरीब प्रेक्षकास हुसकावू नये, आज उभे राहून पाहणाऱ्यास झेपेल असाच स्वस्त आसनाचा दर ठेवता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. दाखला म्हणून त्यांनी ग्लासगो येथील आयब्रॉक्सचे मैदान पुढे केले. तेथे आसनाचा दर सहा पाउंड आणि उभ्याचा चार पाउंड होता. क्लबांनी अहवालातील आसने घेतली. दराविषयीचा सल्ला मात्र कपाटात राहिला.

पुढे १९९२ साली प्रीमियर लीग स्थापन झाली आणि दूरचित्रवाणीचा पैसा ओघाने येऊ लागला. अशा वेळी सामान्य माणसाने काय अपेक्षा करावी? घरात नवी मिळकत आली तर जुन्या माणसांवरचा भार हलका व्हावा, ही. झाले उलटेच. २०१६ ते २०१९ या तीन हंगामांसाठी एकट्या ब्रिटनमधील प्रक्षेपणाच्या हक्कांची किंमत पाचशे कोटी पाउंडांवर गेली. आणि नेमक्या त्याच सुमारास लिव्हरपूलच्या प्रेक्षकांस अठरा पाउंड जास्त द्या म्हणून सांगण्यात आले. ‘आम्हांला पैसा कमी पडतो’ ही तक्रार ज्या तोंडी शोभत नाही, त्या तोंडीच ती सर्वांत मोठ्याने ऐकू येते, असा जगाचा अनुभव आहे.

आता प्रतिपक्षाचेही ऐकून घेऊ. व्यापाराची रीत जाणणारे गृहस्थ म्हणतील, ‘अहो, आसने मोजकी आणि मागणारे पुष्कळ. तेव्हा भाव चढणारच. तुम्ही तिकीट स्वस्त ठेवले तर मधला नफा काळाबाजारवाला खाईल. तो क्लबाने घेतला तर बिघडले कोठे?’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण त्यात दोन छिद्रे आहेत.

पहिले असे, की फुटबॉलचा रसिक हा बाजारातले साधे गिऱ्हाईक नव्हे. एका दुकानात साबण महाग झाला तर आपण शेजारच्या दुकानातून दुसरा घेतो. पण लिव्हरपूलचे तिकीट महागले म्हणून लिव्हरपूलचा भक्त त्याच गावातल्या एव्हर्टनच्या मैदानावर जाऊन तितक्याच प्रेमाने टाळ्या पिटील काय? निष्ठा ही बदलता न येणारी गोष्ट आहे, आणि जी बदलता येत नाही तिच्यावर भाव चढविणे यास व्यापार म्हणत नाहीत, अडवणूक म्हणतात. दुष्काळात एकाच विहिरीला पाणी असावे आणि धन्याने घागरीमागे दर वाढवावा, त्यातला हा प्रकार.

दुसरे, जो माल विकला जातो तो तयार कोण करतो, हे व्यापाराच्या हिशेबात धरलेच जात नाही. २०२० साली करोनाच्या साथीत इंग्लंडमधील सामने रिकाम्या मैदानांवर खेळले गेले, तेव्हा या प्रश्नाचा निकालच लागला. खेळाडू तेच, चेंडू तोच, नियम तेच. पण पडद्यावर पाहणाऱ्यांना ते सारे निर्जीव वाटू लागले. अखेर दूरचित्रवाणी कंपन्यांनी काय केले? संगणकावरील खेळासाठी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला गर्दीचा गलबला आणून चित्रामागे लावला! ज्यांच्या ओरडण्याशिवाय कोट्यवधींचा माल विकला जात नाही, ते नुसते गिऱ्हाईक कसे? ते त्या प्रयोगातले अर्धे नट आहेत. नाटकमंडळी कधी आपल्या ऑर्गनवाल्याकडून तिकिटाचे पैसे घेत असे, असे कोणी ऐकले आहे काय?

काळ्याबाजाराच्या भीतीचे उत्तर तर इंग्लंडच्याच कायद्यात आहे. तेथे १९९४ पासून फुटबॉल सामन्याचे तिकीट परवानगीवाचून परस्पर विकणे हा गुन्हा आहे, आणि ज्याला ऐन वेळी जाता येत नाही त्याचे तिकीट क्लबामार्फत दुसऱ्यास मूळ किंवा त्याच्या आसपासच्या दराने देण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे. इच्छा असली की वाट सापडते. जेथे ती सापडत नाही तेथे शोधणाऱ्याच्या मनात काय आहे ते पाहावे.

‘पण दर बांधून दिले तर क्लब बुडतील’ असेही एक भय दाखविले जाते. त्याचाही पडताळा झालेला आहे. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावर जाणाऱ्या मँचेस्टर सिटीच्या प्रेक्षकांसाठी ६२ पाउंडांची तीन हजार तिकिटे ठेवली होती, त्यांतली ९१२ परत आली. आपल्या संघामागे दूरगावी जाणारा प्रेक्षक हा सर्वांत निष्ठावान. त्याचीही ऐपत संपली, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. त्यानंतर प्रेक्षकांच्या संघटनांनी वीस पाउंडांच्या मर्यादेसाठी चळवळ चालविली. मार्च २०१६ मध्ये, म्हणजे ॲनफिल्डच्या त्या प्रसंगानंतर महिन्याभरातच, प्रीमियर लीगच्या क्लबांनी पाहुण्या प्रेक्षकांसाठी तीस पाउंडांची कमाल मर्यादा मान्य केली. मुदत आधी तीनच हंगामांची होती; ती पुन्हा पुन्हा वाढविली गेली. या मर्यादेपायी एकही क्लब बुडाला नाही. उलट, पाहुण्यांचा तो कोपरा आज कित्येक मैदानांवर सर्वांत जिवंत असतो.

तथापि एकदा मिळविलेले कायमचे मिळाले, असे समजण्यात अर्थ नाही. २०२४ च्या अखेरीस मँचेस्टर युनायटेडने हंगाम अर्धा झालेला असताना उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पाउंड केला आणि त्यात मुलांना व वृद्धांना मिळणारी सवलत काढून टाकली. मोठ्या माणसाने चढा दर दिला तर तो एक वेळ कुरकुरत देईल. पण बापाबरोबर आलेल्या दहा वर्षांच्या पोरालाही ६६ पाउंड? ज्या वयात खेळाचे वेड लागते त्याच वयात दार लावून घेणे हा धर्म तर नव्हेच, पण शहाणा व्यापारही नव्हे. झाडाचे फळ महाग विकावे, एक वेळ समजू. रोपच उपटून विकणाऱ्याला काय म्हणावे?

इंग्लंडच्या शेजारी जर्मनीत थोडी निराळी रीत आहे. तेथे क्लबाच्या सभासदांच्या हाती मतांचा अर्ध्याहून अधिक वाटा राहिला पाहिजे, असा नियम आहे. त्याला थोडे अपवाद आहेत, पण सर्वसाधारण चाल ती. डॉर्टमुंडच्या मैदानाच्या दक्षिण बाजूस सुमारे पंचवीस हजार प्रेक्षक उभे राहून सामना पाहतात, आणि त्या पिवळ्या भिंतीचे दर्शन घ्यावयास इंग्लंडमधूनही माणसे विमानाने जातात. घरी बसण्याची जागा परवडत नाही म्हणून परदेशात उभे राहावयास जाणे, ही थट्टा वाटली तरी खरी गोष्ट आहे. बायर्न म्युनिकचे ज्येष्ठ कारभारी उली हेनेस यांनी काही वर्षांपूर्वी याचे मर्म सांगितले होते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: उभ्या जागेच्या हंगामी तिकिटाला आम्ही तिप्पट दर लावू शकू, त्याने आमच्या तिजोरीत जी भर पडेल तेवढ्या रकमेवर एखादा खेळाडू घेताना आम्ही पाच मिनिटे घासाघीस करतो, परंतु तेवढाच फरक त्या प्रेक्षकाच्या संसारात फार मोठा असतो. गाईचे दूध काढावे तसा आम्हांला प्रेक्षक पिळावयाचा नाही. एवढा सरळ हिशेब अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांतून क्वचितच आढळेल.

अर्थात जर्मनीतही हे आपोआप टिकलेले नाही. ॲनफिल्डच्या प्रसंगानंतर तीनच दिवसांनी स्टुटगार्ट येथे डॉर्टमुंडच्या प्रेक्षकांनी महाग तिकिटांच्या निषेधार्थ आधी वीस मिनिटे मैदानाबाहेर काढली आणि नंतर आत येऊन टेनिसच्या चेंडूंचा वर्षाव केला. हीच रीत २०२४ च्या आरंभी पुन्हा दिसली. त्या वेळी लीगच्या उत्पन्नात बाहेरच्या भांडवलदारास वाटा देण्याचा बेत होता आणि तो फेब्रुवारीत सोडून द्यावा लागला. स्वस्त तिकीट हे तेथे कोणी दान म्हणून दिलेले नाही. प्रेक्षकांनी जागता पहारा ठेवून राखलेले आहे.

या सर्वांवर कळस चढविला तो २०२६ च्या विश्वचषकाच्या तिकिटांनी. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या देशांनी यजमानपद मागताना २०१८ साली जो प्रस्ताव केला होता, त्यात सर्वांत स्वस्त तिकीट २१ डॉलरांचे दाखविले होते आणि अंतिम सामन्याचे सर्वांत महाग १५५० डॉलरांचे. प्रत्यक्षात डिसेंबर २०२५ मध्ये निष्ठावंत प्रेक्षकांसाठी राखलेल्या तिकिटांचे दर बाहेर आले, तेव्हा अंतिम सामन्याचे सर्वांत स्वस्त तिकीट चार हजार डॉलरांवर आणि महाग आठ हजारांवर असल्याचे दिसले. युरोपातल्या प्रेक्षक-संघटनांनी याला विश्वासघात म्हटले. गिल्ला होताच काही दिवसांत ६० डॉलरांची थोडीशी तिकिटे जाहीर झाली. पण ती इतकी मोजकी, की पंगतीत शेवटच्या माणसाच्या पानावर पडणाऱ्या तुपाच्या थेंबाचीच आठवण व्हावी. शिवाय मागणीप्रमाणे दर खालीवर करण्याची पद्धत, आणि परस्पर विक्रीसाठी संस्थेनेच उघडलेला बाजार. त्यात विकणाऱ्याकडून शेकडा पंधरा आणि घेणाऱ्याकडूनही शेकडा पंधरा! ज्या काळ्याबाजाराचा बागुलबुवा दाखवून दरवाढीचे समर्थन होते, त्यालाच येथे गादीवर बसविले.

हे सारे ऐकून आमचे वाचक म्हणतील, ‘दूरच्या देशांतले हे दुखणे, आपल्याला त्याचे काय?’ पण दुखणे इतके दूर राहिलेले नाही. १३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी कलकत्त्यास आला. हजारो रुपयांची तिकिटे काढून जमलेल्या लोकांना तो पुढारी व बडे लोक यांच्या घोळक्यात जेमतेम दिसला आणि थोड्याच वेळात निघून गेला. चिडलेल्या लोकांनी खुर्च्या मोडल्या. मोडतोडीचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु ज्याच शहरात १९११ साली मोहन बागानने अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीच्या संघास हरविले आणि ज्यांना मैदान दिसत नव्हते अशा हजारोंना पतंग उडवून गोलांची बातमी कळविली गेली, त्या शहरात पैसे भरूनही पाहणे नशिबी येऊ नये, हा केवढा फरक! त्याच सायंकाळी मेस्सी आपल्या हैदराबादेत उप्पलच्या मैदानावर आला. येथे सारे शांततेत पार पडले, ही समाधानाची गोष्ट. पण मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही.

ज्या हैदराबादच्या पोलीस संघाने १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स चषक जिंकला, ज्या शहराच्या रहीमसाहेबांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारतास चौथे स्थान आणि १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक मिळवून दिले, ज्या सिकंदराबादेने तुळशीदास बलराम दिला, त्या शहराचे फुटबॉल वाढले ते मोहल्ल्या-मोहल्ल्यांतील पोरांच्या पायांवर. ती पोरे मैदानाच्या कडेला उभी राहून मोठ्यांचा खेळ पाहत आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत तसाच करून बघत. पाहणे ही खेळाची पहिली शाळा आहे. तिची फी वाढली की पटावरची नावे गळतात. अलीकडे हैदराबादच्या नावाच्या व्यावसायिक संघाने २०२२ साली देशाचे अजिंक्यपद मिळविले. पण साथीमुळे तो हंगाम सारा गोव्यात खेळला गेला, आणि २०२५ साली पैशाच्या अडचणीतून तो संघ दिल्लीस गेला. किती गल्ल्यांतून त्याबद्दल हळहळ ऐकू आली? ज्या संघाची मुळे स्वस्त बाकांवरच्या माणसांत रुजलेली नसतात तो मालकाच्या सामानाबरोबर उचलला जातो. मुळे रुजविण्यास मात्र वर्षानुवर्षे लोकांना आत घ्यावे लागते.

उंची तिकीट असूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ७ किंवा ८ जुलै म्हटले की जुन्या नाट्यरसिकांना १९२१ चे संयुक्त मानापमान आठवते. केशवराव भोसले आणि बालगंधर्व एका रंगभूमीवर उभे राहिले, त्या रात्रीचे दर नेहमीपेक्षा चढेच होते. पण तो पैसा टिळक स्वराज्य फंडास जावयाचा होता, आणि ती रात्र एकच होती. कार्यासाठी एका रात्री चढा दर देण्यात रसिकाला अभिमान वाटतो. दर शनिवारी तोच दर मागितला तर त्याला आपण परका ठरलो असे वाटते. श्रीमंतांनी पुढच्या खुर्च्या घ्याव्यात, चार पैसे जास्त द्यावेत. त्या पैशावर मागची बाके स्वस्त राहावीत, ही आपल्याकडील जुनी, शहाणी चाल होती.

म्हणून प्रत्येक मैदानावर आसनांचा एक ठराविक हिस्सा कामकरी माणसाला एका दिवसाच्या मजुरीच्या थोड्या अंशात परवडेल अशा दराने नियमाने राखला पाहिजे. मुलांची सवलत कोणत्याही मालकाला काढता येऊ नये. दर ठरविणाऱ्यांच्या बैठकीत दर देणाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. इंग्लंडातील तीस पाउंडांच्या मर्यादेने आणि जर्मनीतील उभ्या जागांनी हे व्यवहारात उतरते, हे दाखविलेच आहे. आपल्या शहरातील संगीतसभा, नाट्यगृहे आणि मैदाने चालविणाऱ्या मंडळींनीही हा हिशेब मनाशी करून पाहावा. त्यांच्या सभागृहातली शेवटची रांग कोण भरते आणि तिचा दर काय आहे, यावरून पुढील पिढीत त्यांची पहिली रांग भरेल की नाही, हे ठरावयाचे आहे.